वर्दी उतरल्यानंतरची प्रकृती : नागपुरात स्थायिक होणाऱ्या माजी सैनिकासाठी

युनिटमध्ये असताना ताप आला की सकाळी सिक रिपोर्टला नाव लागत असे, एम.आय. रूममधला (युनिटच्या दवाखान्यातला) नर्सिंग असिस्टंट थर्मामीटर लावत असे आणि दुखणे मोठे निघाले तर गाडी, खाट, औषध, इतकेच काय आजारी रजेचा कागदसुद्धा आपल्याला न धावता तयार होत असे. वार्षिक वैद्यकीय तपासणी तर चुकवायची म्हटले तरी चुकवता येत नसे. मी स्वतः बावीस वर्षे आर्मी मेडिकल कोअरमध्ये काढली, दुसऱ्यांचे रक्तदाब हजारोंनी मोजले, आणि निवृत्त होऊन नागपुरात घर केल्यावर पहिली दोन वर्षे स्वतःच्या दंडाला एकदाही पट्टा बांधला नाही. त्याचे कारण एवढेच, की बोलावणारे कोणी उरले नव्हते. जे जवान येत्या वर्षभरात निवृत्त होऊन कामठी, मानकापूर, वाडी, हिंगणा या भागांत राहायला येणार आहेत, त्यांनी कोणत्या क्रमाने काय करावे, हे पुढे लिहिले आहे. काही कामे घरी पोहोचण्याआधीचीच आहेत, म्हणून सुरुवात तिथून करतो.

निवृत्तीपूर्वीची तपासणी

सेवेतून मोकळे होण्याआधी प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते, आणि जो लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे प्रकृतीच्या कारणाने खालच्या श्रेणीत, असतो त्याच्यासाठी रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांचे मंडळ, बसते. बहुतेक जवान या तपासणीकडे घरी जाण्याच्या वाटेतला शेवटचा अडसर म्हणून पाहतात. डॉक्टरांनी विचारले, “काही त्रास?” तर उत्तर ठरलेले असते, “नाही साहेब, एकदम फिट.” तिकीट काढलेले असते, सामानाची पेटी बांधलेली असते आणि गुडघ्याच्या दुखण्यासाठी आणखी पंधरा दिवस थांबायची कोणाची तयारी नसते. माझ्या मते संपूर्ण सेवेतले सर्वांत महाग पडणारे वाक्य हेच आहे. पाच वर्षांनी तोच गुडघा जिना चढू देत नाही, तेव्हा कागदावर आपण स्वतःच सही करून ठेवलेली असते, की सेवेतून बाहेर पडताना कोणताही त्रास नव्हता.

म्हणून तपासणीच्या आधी एका कोऱ्या कागदावर सेवाकाळातील दुखापतींची यादी स्वतः लिहून काढावी : कोणत्या वर्षी, कोणत्या ठिकाणी, कोणत्या एम.एच.मध्ये, म्हणजे लष्करी रुग्णालयात, किती दिवस दाखल होतो, आणि आज त्याचे काय उरले आहे. अतिउंच प्रदेशातील पोस्टिंग, घाटात उलटलेली गाडी, फायरिंग रेंजवरून आल्यावर दोन दिवस बसलेले कान, हे सर्व त्यात यावे. ही यादी डॉक्टरांसमोर ठेवावी, नोंद करण्याची विनंती करावी आणि प्रत्येक वैद्यकीय कागदाची एक प्रत मागून घ्यावी. युनिटमध्ये असताना जी प्रत एका फेरीत मिळते, तीच पुढे सेवेचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करून मिळवायला महिने लागू शकतात.

अपंगत्वाच्या पेन्शनबद्दल येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यास अपंगत्वाचा हिस्सा मिळण्यासाठी दोन गोष्टी बोर्डाने मान्य कराव्या लागतात : आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला, आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के आहे. दावा नाकारला गेला तर पहिले अपील, दुसरे अपील आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण असा मार्ग आहे. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती तो पुढे जडला, तर त्याचा सेवेशी संबंध गृहीत धरावा, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात मांडले आणि आजही अनेक जण त्याचाच दाखला देतात. परंतु सप्टेंबर २०२३ पासून या विषयाचे नवे नियम लागू झाले आहेत, तेव्हा चहाच्या टपरीवर ऐकलेल्या जुन्या निकालावर विसंबून अपीलाची मुदत घालवू नये. नकाराचे पत्र हाती पडले की त्याच आठवड्यात ते जाणकाराला दाखवावे.

नावांची जुळवाजुळव

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे आणि त्या तारखेनंतर पेन्शनवर निवृत्त होणाऱ्यांना तिचे सदस्यत्व बंधनकारक आहे. अंशदान एकदाच द्यावे लागते आणि ते निवृत्तीच्या वेळी कापून घेतले जाते. २०१७ च्या अखेरीस ठरलेल्या दरांनुसार हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांसाठी १,२०,००० रुपये असे हे अंशदान आहे. त्यावरूनच रुग्णालयात जनरल वॉर्ड, सेमी प्रायव्हेट की प्रायव्हेट खोली हे ठरते. रक्कम ऐकून कपाळाला आठ्या घालणारे मी पाहिले आहेत. हृदयाच्या एका शस्त्रक्रियेचे बिल पाहिल्यावर त्या आठ्या जातात.

कार्डासाठी अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि प्रत्येक लाभार्थ्याचे स्वतंत्र कार्ड निघते. पत्नी, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले आणि आपल्यावर अवलंबून असलेले आई-वडील, अविवाहित व न कमावणारी मुलगी आणि २५ वर्षांखालील न कमावणारा मुलगा यांचा त्यात समावेश होतो. अपंग अपत्याला नियमांप्रमाणे वयाची अट नाही. आई-वडिलांच्या उत्पन्नाची मर्यादा दरमहा ९,००० रुपये अधिक त्यावरील महागाई भत्ता अशी आहे, त्यामुळे गावाकडे स्वतःची पेन्शन घेणाऱ्या वडिलांचे नाव टाकण्यापूर्वी हिशेब नीट करावा.

अर्ज अडतो तो मात्र पैशामुळे किंवा वयामुळे नव्हे, नावांमुळे. लग्न झाल्यावर आणि मूल झाल्यावर युनिटकडून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे कुटुंबाच्या नोंदीचा अधिकृत आदेश, निघते आणि सेवापुस्तकात तीच नोंद कायम राहते. माझ्या लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये कारकुनाने पत्नीचे नाव ‘शोभाबाई’ असे चढवले, आधारकार्डावर ती ‘शोभा’ आहे आणि तिच्या शाळेच्या दाखल्यावर आणखी वेगळेच काही आहे. वीस वर्षे त्यावाचून काही अडले नाही. निवृत्तीनंतर कार्डाचा अर्ज परत आला, प्रतिज्ञापत्र झाले, राजपत्रातील जाहिरात झाली, रेकॉर्ड ऑफिसला तीन पत्रे गेली, आणि त्याच दिवसांत तिच्या पित्ताशयातील खड्याचे दुखणे उठले. शस्त्रक्रियेचा खर्च पूर्णपणे खिशातून गेला. म्हणून निवृत्तीच्या निदान वर्षभर आधी, रजेवर घरी आल्यावर एक संध्याकाळ काढावी आणि आधार, पॅन, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले व पार्ट टू ऑर्डर जमिनीवर शेजारी शेजारी मांडून प्रत्येक नावातील प्रत्येक अक्षर व जन्मतारीख बोट ठेवून ताडून पाहावी. जे जुळत नाही ते युनिटमध्ये असतानाच दुरुस्त होते. नंतर त्यासाठी चपला झिजवाव्या लागतात.

अर्ज मंजुरीच्या मार्गावर असताना मिळणारी तात्पुरती पावती छापून जवळ ठेवावी, कारण कार्ड हाती येईपर्यंत उपचारासाठी तीच चालते.

पॉलिक्लिनिकची पहिली फेरी

कामठीला १८२१ पासून छावणी आहे, गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र तिथेच आहे आणि लष्करी रुग्णालयही आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. त्यामुळे नागपूर परिसरात माजी सैनिकांची वस्ती जुनी आणि दाट आहे, ईसीएचएसचे प्रादेशिक केंद्रही येथे आहे, आणि याचाच दुसरा अर्थ असा, की पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे योजनेच्या दवाखान्यात, गर्दी असते. भंडारा किंवा रामटेककडून पहाटेच्या बसने आलेले सत्तरीचे सुभेदार बाकावर आधीच बसलेले असतात. सोमवारी आणि सलग सुट्यांनंतरच्या दिवशी पहिली फेरी करू नये.

पहिल्या भेटीत आजार असलाच पाहिजे असे नाही. उलट आजार नसताना गेलेले बरे. कार्ड त्या पॉलिक्लिनिकला जोडलेले आहे का हे पाहावे, रक्तदाब, साखर आणि वजनाची नोंद करून घ्यावी, दातांचा विभाग कोणत्या दिवशी चालतो ते विचारावे आणि सूचनाफलकावर लावलेल्या संलग्न, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, रुग्णालयांच्या यादीचा मोबाइलवर फोटो काढावा. ही यादी कायमची नसते. रुग्णालये तिच्यात येतात आणि जातात, काही रुग्णालये ठरावीक आजारांपुरतीच संलग्न असतात. मागच्या वर्षी शेजाऱ्याच्या डोळ्याचे ऑपरेशन जिथे झाले, तिथे आपल्या हृदयाचेही होईल असे धरून चालू नये.

योजनेची रीत अशी आहे : प्रथम पॉलिक्लिनिकचे वैद्यकीय अधिकारी तपासतात. त्यांच्या आवाक्याबाहेरचे असेल तर लष्करी रुग्णालयात सोय आहे का ते पाहिले जाते, आणि नसेल तर संलग्न खासगी रुग्णालयासाठी रेफरल, म्हणजे पाठवणीचे पत्र, दिले जाते. एकाच शहरातील अनेक संलग्न रुग्णालयांपैकी कोणते निवडायचे, ही निवड रुग्णाची असते, आणि ती शांतपणे, चार जणांना विचारून करावी. रेफरलच्या कागदावर आजार, सल्ला आणि तपासण्या स्पष्ट लिहिल्या आहेत का, हे खिडकीपाशीच वाचून घ्यावे. ‘तपासणी व सल्ला’ एवढेच लिहिलेले असेल आणि तिकडे डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, तर पुन्हा पॉलिक्लिनिकला येणे ओघानेच आले.

खासगी डॉक्टरांनी लिहून दिलेली बाह्यरुग्ण औषधे पॉलिक्लिनिकमधून मिळतात, बाहेरच्या दुकानातून परस्पर घेतली तर पैसे परत मिळतील असे समजू नये. गोळीचा रंग आणि पाकिटावरचे नाव दर महिन्याला बदलते, कारण औषध मूळ नावाने दिले जाते. यामुळे रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी सकाळ-संध्याकाळ घेणारे ज्येष्ठ मी पाहिले आहेत. घरी आल्यावर पाकिटावर मार्करने ‘रक्तदाब, सकाळी एक’ असे मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे आणि जुने पाकीट संपल्याशिवाय नवे उघडू नये. साठा संपला असेल तर औषध ‘उपलब्ध नाही’ अशी नोंद करून घेऊन पुढची रीत तिथेच विचारावी; नोंद न घेता रागाने बाहेर पडण्यात नुकसान आपलेच आहे.

अठ्ठेचाळीस तास

छातीत दुखू लागले, अपघात झाला, तोंड वाकडे झाले, अशा वेळी रेफरलची वाट पाहायची नसते. जवळच्या रुग्णालयात जायचे. ते संलग्न असेल तर दाखल होताना ईसीएचएसचे कार्ड दाखवावे. पुढील कळवाकळवी रुग्णालय करते आणि मान्य उपचारांसाठी आगाऊ रक्कम भरावी लागत नाही. रुग्णालय संलग्न नसेल तर दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवणे बंधनकारक आहे, बिल आधी स्वतः भरावे लागते आणि परतावा मंजूर दरांनीच मिळतो. खासगी रुग्णालयाचे बिल आणि मंजूर दर यांत मोठी तफावत असू शकते, म्हणून प्रकृती स्थिरावताच रुग्णाला संलग्न ठिकाणी हलवता येईल का, हे त्याच दिवशी विचारावे.

कळवताना फोनवर विसंबू नये. ई-मेल करावा किंवा मुलाला कार्डाच्या छायाप्रतीसह पाठवून पोच घ्यावी. रुग्णालय सोडताना आकस्मिकतेचा दाखला, तपशीलवार बिल, डिस्चार्ज समरी आणि सर्व पावत्या मूळ स्वरूपात घ्याव्यात. हे सारे रुग्ण स्वतः करू शकत नाही, हे उघड आहे. तरीही दहापैकी नऊ घरांत कार्ड कुठे ठेवले आहे ते फक्त रुग्णालाच ठाऊक असते.

शरीर बदलते, ताट बदलत नाही

लंगरमधला, म्हणजे जवानांच्या भोजनगृहातला, आहार हा दररोज पीटी, ड्यूटी आणि खेळ करणाऱ्या शरीरासाठी आखलेला असतो. घरी आल्यावर श्रम एकदम घटतात आणि भूक मात्र जुन्या सवयीने वेळेवर लागते. त्यात सकाळची तर्री पोह्याची बशी, रविवारचे सावजी मटण आणि लग्नसराई आली, की दोन वर्षांत पँटचा माप बदलतो. सैन्यातून आलेला माणूस ‘मी तर दहा किलोमीटर पळत होतो’ या भांडवलावर बराच काळ जगतो. रक्तातील साखरेला त्या भांडवलाशी काही देणेघेणे नसते. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर जाऊ लागला, की चाळिशी असो वा पन्नाशी, तपासणीची वेळ झाली असे समजावे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.५ किंवा अधिक, रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० वा त्याहून अधिक, हे मधुमेहाचे व उच्च रक्तदाबाचे आकडे लक्षात ठेवावेत. वर्षातून एकदा, शक्यतो स्वतःच्या वाढदिवसाच्या महिन्यात, ही तपासणी करावी.

कानांचा विषय कोणी काढत नाही, म्हणून मी थोडा अधिक काढतो. रायफल उजव्या खांद्याला लावून वर्षानुवर्षे फायर करणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्या कानाला डोक्याचा आडोसा मिळतो. सुरुवातीला मोठे आवाज नीट ऐकू येतात, फक्त ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी अक्षरे निसटतात. म्हणून नातवंडांचे आणि फोनवरचे बोलणे कळत नाही, आणि घरच्यांना वाटते की हे मुद्दाम लक्ष देत नाहीत. नागपुरात याची एक खास खूण मी अनेकांच्या बाबतीत पाहिली आहे. उन्हाळाभर खोलीत कूलर घरघरत असतो, पाऊस सुरू झाला की कूलर बंद होतो, आणि पहिल्याच शांत रात्री कानातली शिट्टी ऐकू येते. ती पावसाने आलेली नसते, आधीपासूनच असते. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. श्रवणयंत्राची तरतूद योजनेत आहे आणि ते लावण्यात चष्मा लावण्याइतकाच कमीपणा आहे.

गुडघ्यांसाठी पळणे सोडून चालणे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम धरावेत. ज्यांनी अवयव गमावला आहे त्यांच्यासाठी पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र आणि मज्जारज्जूच्या दुखापतीने खिळलेल्यांसाठी खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, हे नागपूरकरांनाही ठाऊक असावे.

सुरक्षारक्षकाचा उन्हाळा

निवृत्त जवानांपैकी बरेच जण मेस्को या राज्याच्या माजी सैनिक महामंडळामार्फत किंवा खासगी एजन्सीमार्फत सुरक्षारक्षक म्हणून उभे राहतात. बारा तासांची पाळी, पत्र्याची चौकी आणि मे महिन्यातले ४५ अंश. राजस्थानात ड्यूटी केली आहे, आम्हाला ऊन काय करणार, असे म्हणणाऱ्याने ध्यानात घ्यावे, की शरीराने कमावलेली उन्हाची सवय काही आठवड्यांत ओसरते. ती पुन्हा कमवायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू असताना नव्या नोकरीचा पहिला दिवस येऊ देऊ नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात; त्या घेणाऱ्याने उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांशी मात्रेविषयी बोलावे आणि मिठाचे पाणी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडत आहे. सोबती असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा : सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

घर म्हणजे लष्करातली कंपनी नव्हे

पंधरा-वीस वर्षे पत्नीने घर चालवले, मुलांच्या शाळा पाहिल्या, सासूची आजारपणे काढली. आपण घरी येतो आणि पहिल्याच महिन्यात सकाळी पाचला सगळ्यांना उठवू लागतो. त्यातून होणारी धुसफूस बहुतेक घरांत वर्षभरात निवते. परंतु झोप न लागणे, लग्नाच्या फटाक्यांनी दचकून घाम फुटणे, जुना प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, क्षुल्लक कारणावरून हात उगारला जाणे आणि कॅन्टीनची दारूची बाटली महिन्याऐवजी आठवड्यात संपणे, ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली तर त्यांना स्वभाव म्हणू नये. तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक विनाशुल्क आणि चोवीस तास चालतो. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञांसाठी रेफरलही मागता येते. मागताना आवाज खाली येतो, हे मला ठाऊक आहे, कारण मीही ते मागितले आहे.

जे योजनेबाहेर आहेत

चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. त्याने सेवा निधी, म्हणजे बाहेर पडताना मिळणारी एकरकमी रक्कम, हाती येताच, दुचाकी घेण्याआधी, कुटुंबाचा आरोग्यविमा घ्यावा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची पात्रता पाहून ठेवावी. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स ही सरकारी रुग्णालये सर्वांनाच खुली आहेत. पेन्शन नसलेले जुने माजी सैनिक आणि अशा दिवंगत सैनिकांच्या अडचणीतील पत्नी यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद करून केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वैद्यकीय साहाय्याची चौकशी करावी.

पतीच्या निधनानंतर कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीचे ईसीएचएस चालू राहते, मात्र कार्डावरील माहिती बदलून घ्यावी लागते. म्हणून पॉलिक्लिनिकच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तिला सोबत न्यावे, खिडक्या दाखवाव्यात, आणि पुढच्या वेळी रांगेत तिला उभे करून आपण बाकावर बसावे. आमच्या घरी कार्डे, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, डिस्चार्ज बुक आणि रुग्णालयांची यादी असलेली निळी फाइल फ्रीजवर असते. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे, त्यावर पॉलिक्लिनिकचा फोन, ई-मेल, १०८, १४४१६ आणि दोघांचे रक्तगट सौ. शोभाने स्वतःच्या हाताने लिहिले आहेत.